गाठ वाढली म्हणून गोळ्या थांबवू नका

मेंदूच्या टीबीचे पेशंट बघता बघता मनात पक्क्या झालेल्या या गोष्टी.

१. उपचार चालू असताना पेशंट बिघडला, म्हणजे औषध हरलं असं नाही. जंतू मरतात, पण त्यांचे अवशेष उरतात आणि शरीराची प्रतिकारशक्ती त्यांच्यावर तुटून पडते. त्या सुजेनं मेंदूतली जुनी गाठ फुगते, कधी नवी दिसते. एमआरआयचं पाकीट टेबलावर ठेवत नातेवाईक विचारतात, "डॉक्टर, गोळ्या चालू असून गाठ वाढलीच कशी?" विचारणं रास्तच आहे.

२. सुजेला दोष देण्याआधी बाकीचं तपासावं. गोळ्या खरंच पोटात जातात का? जंतू औषधाला दाद देतोय का? सोडियम उतरलंय का? मेंदूत पाणी साचलंय का? साचलं असेल तर न्यूरोसर्जनला लगेच बोलवावं.

३. सूज उतरवणारं औषध, म्हणजे आधी स्टेरॉइड, टीबीच्या गोळ्यांच्या जोडीला द्यायचं, त्यांच्या जागी नाही.

४. स्टेरॉइडला घाबरू नये, पण त्याच्याकडून भलत्या अपेक्षाही नकोत. व्हिएतनाममधल्या ५४५ रुग्णांच्या अभ्यासात (२००४) डेक्सामिथासोन या स्टेरॉइडमुळे मृत्यूचं प्रमाण सुमारे ४१ टक्क्यांवरून ३२वर आलं. गंभीर अपंगत्व मात्र घटलं नाही. एचआयव्ही असलेल्यांमध्ये २०२३च्या अभ्यासात तसा फायदा दिसला नाही.

५. स्टेरॉइडचा डोस हळूहळूच उतरवावा. डोकं दुखायचं थांबलं की लोक स्टेरॉइड परस्पर बंद करतात आणि उलट्या, झटके घेऊन परत येतात. एका पेशंटच्या बायकोनं कालनिर्णयच्या चौकटीचौकटीत लाल पेनानं त्या दिवशीच्या गोळ्यांचा आकडा लिहिला होता. तेव्हापासून मी सगळ्यांना तेच करायला सांगतो. रिफाम्पिसिन या टीबीच्या औषधामुळे यकृत स्टेरॉइड लवकर संपवतं, हेही डोस ठरवताना ध्यानात ठेवावं. स्टेरॉइड चालू असताना शुगरवर लक्ष हवंच.

६. स्टेरॉइडनं भागलं नाही तर पुढचे मार्ग आहेत. केपटाउनला मुलांना थॅलिडोमाइडचा मोठा डोस देऊन पाहिला, तो त्रासामुळे थांबवावा लागला. पुढे कमी डोसचा निवडक मुलांना उपयोग झाला. गर्भारपणात मात्र हे औषध घातक. वेल्लोरच्या डॉक्टरांनी इन्फ्लिक्सिमॅबचे अनुभव मांडले आहेत. पण ते टीबीशी लढणारी ताकदच दाबतं, म्हणून टीबीची औषधं चालू असतानाच आणि जाणकाराच्या हातूनच द्यावं.

७. दर भेटीला नजरेची चौकशी करावी: "पेपर वाचता येतो का? लाल-हिरवा रंग ओळखू येतो का?" नजर सुजेनं जाते, तशी एथॅम्ब्युटॉल या टीबीच्या गोळीनंही. सुजेवर उपचार वाढवायचे असतात, एथॅम्ब्युटॉल मात्र बंद करायचं असतं. म्हणून नजर अंधूक झाली की पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी यायचं, हे मी प्रत्येक घराला बजावतो.