पोलादाला पाजलेले पाणी

चांगल्या तलवारीला आपण ‘पाणीदार’ म्हणतो. लोहारही कोयत्याला ‘पाणी पाजतो’. पण पोलाद काही तहानेलेले नसते! मग हे पाणी पाजणे म्हणजे काय? आज आपण हे कोडे जपानी स्वयंपाकघरातल्या सुरीच्या मदतीने सोडवू.

जपानमध्ये ओसाकाला लागून साकाई नावाचे शहर आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर तंबाखू जपानात आली. तिची पाने बारीक कातरण्याच्या सुऱ्या साकाईत होऊ लागल्या आणि या गावाचे नाव झाले. पुढे १८७६ मध्ये जपानी सरकारने कमरेला तलवार लावून फिरण्यावर बंदी घातली. तेव्हा तलवारी घडवणारे अनेक कारागीर सुऱ्या आणि इतर हत्यारे घडवू लागले.

आधी ‘धार’ म्हणजे काय ते पाहू. समजा, सुरीचा ५ सेंटिमीटर भाग काकडीवर टेकला आहे आणि तुम्ही १ किलोग्रॅम वजनाइतका जोर लावला आहे. बोथट सुरीची कड ०.१ मिलिमीटर जाड असेल, तर हा जोर ०.०५ चौरस सेंटिमीटरवर पडतो. म्हणजे दाब झाला दर चौरस सेंटिमीटरला २० किलोग्रॅम. आता कड ०.००५ मिलिमीटर जाड आहे असे धरा. हाच दाब ४०० किलोग्रॅम होतो! हात तोच, जोर तोच. पण दाब वीसपट. म्हणूनच धारदार सुरी पेशी कापते, तर बोथट सुरी त्या चेंगरते. बोथट सुरीने कांदा चिरताना डोळ्यांना अधिक पाणी का येते, ते आता ओळखा बरे! चेंगरलेल्या पेशींतून डोळ्यांना झोंबणारे द्रव्य जास्त बाहेर पडते.

तर मग कड हवी तितकी पातळ का करू नये? अडचण अशी, की पातळ कड मऊ धातूची असली तर दुमडते. ती टिकायला धातू कठीण हवा. इथेच ‘पाणी’ उपयोगी पडते.

पोलाद म्हणजे लोखंड आणि थोडा कार्बन. जपानी सुरीच्या पोलादात कार्बन बहुधा १ टक्क्याच्या आसपास असतो. नेहमीच्या तापमानाला लोखंडाचे अणू घनाच्या आठ कोपऱ्यांवर आणि एक मधोमध, असे मांडलेले असतात. या मांडणीत कार्बनच्या अणूला जागा जवळजवळ नसते. पोलाद सुमारे ७३० अंश सेल्सिअसच्या वर तापले, की मांडणी बदलते. मधला अणू नाहीसा होऊन घनाच्या सहाही बाजूंच्या मध्यावर अणू येतात आणि कार्बनला शिरायला वाव मिळतो. लालबुंद पाते सावकाश निवू दिले, तर कार्बन बाहेर पडतो आणि पोलाद मऊ राहते. पण तेच पाते एकदम पाण्यात बुडवले, तर? कार्बनला निसटायला वेळच मिळत नाही. तो आत अडकतो, अणूंची मांडणी ताणली जाते आणि पोलाद अतिशय कठीण होते. या रचनेला आडोल्फ मार्टेन्स या जर्मन शास्त्रज्ञाच्या नावावरून ‘मार्टेन्साइट’ म्हणतात. लोहाराने पाजलेले पाणी ते हेच!

मात्र कठीण वस्तू ठिसूळही असते. काच आठवा. म्हणून पाणी दिलेले पाते पुन्हा हलकेच, साधारण १५० ते २०० अंशांपर्यंत तापवतात. थोडा कठीणपणा जातो, पण ठिसूळपणा बराच कमी होतो.

जपानी कारागिरांनी आणखी एक युक्ती केली. संपूर्ण सुरी कठीण पोलादाची न करता त्यांनी मृदू लोखंड व पोलाद भट्टीत तापवून, घणाने ठोकून एकजीव केले. धारेला पोलाद आणि पाठीशी मृदू लोखंड. कठीण भाग कापतो, मऊ भाग धक्का सोसतो. शिवाय मऊ लोखंड निसण्यावर चटकन घासले जाते. कच्चा मासा कापायची लांब, अरुंद ‘यानागिबा’ सुरी अशीच असते. तिला उतार एकाच बाजूने असतो. त्यामुळे डावखुऱ्यांसाठी वेगळी सुरी घडवावी लागते!

या धारेची किंमतही मोजावी लागते. अशा सुरीने हाड तोडले किंवा ती पिरगाळली, तर धारेचा कपचा उडतो. पोलाद गंजू नये म्हणून ती लगेच पुसून कोरडी ठेवावी लागते. हाडाच्या कामासाठी युरोपीय सुरी बरी. ती थोडी मऊ असते, लवकर बोथट होते, पण तुटत नाही. सर्व गुण एकाच सुरीत मिळत नाहीत. काम पाहून हत्यार निवडावे लागते.

करून पाहा (शिक्षकांसमोरच, डोळ्यांवर चष्मा लावून) : शिवणकामाच्या दोन सुया घ्या. चिमट्यात धरून दोन्ही ज्योतीवर लाल होईपर्यंत तापवा. एक ज्योतीतून हळूहळू बाहेर काढून सावकाश निवू द्या, दुसरी लाल असतानाच चटकन पाण्यात बुडवा. गार झाल्यावर प्रत्येक सुई जाड फडक्यात गुंडाळून पकडीने वाकवा. एक मुकाट्याने वाकेल, दुसरी कट्कन मोडेल. कोणती वाकली आणि का, हे तुमच्या वहीत अणूंच्या आकृतीसह लिहून काढा.