पाकिटाऐवजी घरचा डबा : ज्वारीच्या कण्यांचे तयार मिश्रण



भल्या सकाळी कामावर निघणाऱ्या बाईच्या भाकरी कशाबशा थापून होतात, पण मुलांच्या नाश्त्याला वेळ उरत नाही. मग नूडल्सचे पाकीट फोडले जाते. नांदेड असो की लातूर, वस्तीत हेच चित्र दिसते. यात आईला दोष देऊन काही साधत नाही. पाकीट झटपट होते म्हणून घरात येते. तेव्हा तितकीच झटपट होणारी वस्तू आपण घरीच करून ठेवू.

आधी पाकीट वाचा

पाकिटाच्या मागे घटकांची यादी असते. वजनाने जो पदार्थ जास्त, तो यादीत आधी येतो. मैदा आणि पाम तेल कितव्या क्रमांकावर आहेत ते पाहा. नंतर 'सोडियम'चा आकडा शोधा. त्याला अडीचने गुणले की मीठ किती ते कळते. ४०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे १ ग्रॅम मीठ. आकडा १०० ग्रॅमचा आहे की एका वाढणीचा, तेही बघा. शाळेत जाणाऱ्या मुलीकडून हा हिशेब करून घ्या.

जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्याप्रमाणे मोठ्या माणसाला दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट चमचाभराहून कमी मीठ पुरे. भाजी, लोणचे, पापड, फरसाण सगळे त्यातच धरायचे. जास्त मिठाने बीपी वाढतो. बीपी दुखत नाही, म्हणून पुष्कळांना तो लकवा मारल्यावरच कळतो.

कण्या कमीपणाच्या नाहीत

कण्या म्हटले की म्हाताऱ्या बायकांना १९७२ चा दुष्काळ आणि रेशनवरचा लाल मिलो आठवतो. गरिबीचे खाणे म्हणून आपणच त्या मागे टाकल्या. उत्तर आफ्रिकेत गव्हाच्या रव्याचे बारीक दाणे वळून वाफवतात, त्याला कुसकुस म्हणतात. २०२० साली युनेस्कोने त्याची नोंद मानवजातीच्या सांस्कृतिक वारशात केली. आपल्याकडे शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात मराठवाड्यातल्या महार-मांग समाजाच्या खाण्याची नोंद केली आहे. आपल्या आज्यांचे खाणे लाजण्यासारखे नव्हते. त्यात कोंड्यासकट धान्य होते, आणि तेच आज डॉक्टर खायला सांगतात.

साहित्य (सुमारे १० वाढण्या)

ज्वारीच्या कण्या ५०० ग्रॅम, मूग डाळ १५० ग्रॅम, जिरे २ चमचे, धने पूड ३ चमचे, तिखट २ चमचे, हळद १ चमचा, कढीपत्ता २ मुठी.

ज्वारी महाग वाटली तर रेशनच्या गव्हाचा दलिया भरडून घ्या, कृती हीच. परभणीच्या कृषी विद्यापीठाने २०१८ साली आणलेल्या 'परभणी शक्ती' वाणाच्या ज्वारीत लोह आणि जस्त जास्त आहे. गावाकडे कोणी पेरत असेल तर तीच मागवा.

कृती

१. ज्वारी निवडून, धुऊन कडक उन्हात दोन दिवस वाळवा. डाळही धुऊन वाळवा.
२. गिरणीवाल्याला 'पीठ नको, जाडसर भरडून द्या' असे सांगा. चाळून खाली पडलेले पीठ भाकरीला वापरा. वर राहिल्या त्या कण्या.
३. कण्या तेल न घालता मंद आचेवर खमंग भाजा. डाळ वेगळी भाजा.
४. कढीपत्ता आणि जिरे कुरकुरीत करून घ्या.
५. सगळे पूर्ण गार झाल्यावर मसाले मिसळा आणि कोरड्या डब्यात भरा.

मिश्रणात मीठ आणि तेल घालू नका. मिठाने ओल धरते, तेलाला खवट वास येतो. शिवाय घरात बीपीचे माणूस असेल तर त्याचे मीठ वेगळे ठरवता येते.

शिजवताना

एक मध्यम वाटी मिश्रण दोघांना पुरते. ते अर्धा तास भिजवा. दोन चमचे तेलात मोहरी, कांदा, शेंगदाणे आणि घरात असेल ती भाजी परता. मिश्रण, चार वाट्या पाणी आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून कुकरच्या ३-४ शिट्ट्या घ्या. उतरवल्यावर लिंबू पिळा. लिंबामुळे धान्यातले लोह अंगी लागते. चहा मात्र जेवणानंतर तासभर नको, तो लोह अडवतो. रक्त कमी असलेल्या मुलींनी आणि गरोदर बायांनी हे विशेष पाळावे. ज्वारीतल्या प्रथिनात जी उणीव असते ती डाळीने भरून निघते, म्हणून डाळ वगळू नका.

काळजी

- डबा महिनाभर टिकतो. पावसाळ्यात पंधरा दिवसांपुरतेच करा. ओला चमचा घालू नका.
- बुरशी दिसली तर सगळे फेकून द्या. बुरशीचे विष ऊन दाखवून किंवा शिजवून जात नाही.
- सहा महिन्यांवरील बाळासाठी मीठ-तिखट न घालता कण्या-डाळ वेगळी शिजवून, घोटून मऊ करा. वर्षाच्या आत मीठ नको. लहान मुलांना अख्खे शेंगदाणे देऊ नका, घशात अडकतात.
- शुगर असलेल्यांनी ज्वारीही मोजूनच खावी, एकच वाढणी. ज्वारी हे औषध नाही. शुगरची किंवा बीपीची गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका.

पाच-सहा घरांनी मिळून ज्वारी घेतली तर ती स्वस्त पडते आणि दळण एकदाच होते. येत्या रविवारी वंदनेनंतर विहारात महिला मंडळाने एक किलोचे मिश्रण करून पाहावे आणि येताना घरातले एक रिकामे पाकीट सोबत आणावे. सोडियमचा हिशेब तिथेच बसून मुलांकडून करून घेऊ.