दारं वर का उघडतात?

आपल्या होस्टेलच्या बऱ्याच खोल्यांत मर्सिडीजच्या ३०० एसएलचं पोस्टर दिसतं. दोन्ही दारं पंखांसारखी वर उघडलेली! माझ्याही भिंतीवर होतं. "काय स्टाइल आहे राव!" यापलीकडे मी कधी विचार केला नव्हता. तो करायला लागला आमच्या स्पर्धेच्या गाडीमुळे.

गाडीची फ्रेम पाइपांची होती. आत बसताना एक तिरका पाइप आड यायचा. मीच म्हणालो, "कापून टाकू, एकाने काय होतंय?" कापला. टेस्टिंगला पहिल्याच खड्ड्यात फ्रेम पिळली गेली, शेजारचा वेल्ड तडकला आणि वर्षभराची मेहनत वाया गेली. वर्कशॉपचे सर एवढंच म्हणाले, "अरे, खोलीतलं ते पोस्टर नीट बघ."

मग वाचायला घेतलं. १९५२ साली रेससाठी ३०० एसएल बनवताना रुडोल्फ उलेनहाउट यांच्या हाताशी मोठ्या सलून गाडीचं जड इंजिन होतं. म्हणजे वजन वाचवायचं ते फ्रेममध्येच. म्हणून बारीक पाइपांचे त्रिकोण जोडले. चौकोन कोपऱ्यात ढकलला की कलतो. त्रिकोण मात्र बाजूची लांबी बदलल्याशिवाय आकार सोडत नाही. त्यामुळे पाइपांवर मुख्यतः ताण किंवा दाब येतो, वाकण्याचा भार फार कमी.

पण पिळाला तोंड द्यायचं तर बाजूची फ्रेम उंच हवी. नेहमीच्या दाराची जागा तिनेच खाल्ली! मग बिजागऱ्या टपावर गेल्या. म्हणजे ती स्टाइल नव्हेच, नाइलाज होता. त्याच वर्षी गाडीने ल मान्सची २४ तासांची शर्यत जिंकली.

१९५४ साली न्यूयॉर्कला विक्रीची कूपे आली. बॉनेट बुटकं राहावं म्हणून इंजिन ५० अंशांत कलतं बसवलेलं. २९९६ सीसी, सहा सिलिंडर. बॉशच्या पंपाने पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये. चार-स्ट्रोक इंजिनाच्या विक्रीच्या मोटारीत हे पहिल्यांदाच झालं.

खरा धडा पुढे आहे. १९५७ च्या रोडस्टरला साधी दारं हवी होती. तेव्हा त्यांनी काय केलं? बाजूची फ्रेम खाली घेतली, पण गेलेली ताकद भरून काढायला दुसरीकडे आधार देऊन रचना नव्याने बांधली. आम्ही नुसती हॅकसॉ चालवली!

तेव्हा ज्युनियर्सनो, पाइप आड आला तर आधी कागदावर त्याचा भार कुठे जातो ते काढा. करवत नंतर. पोस्टर अजून भिंतीवर आहे; आता दारांआधी नजर उंबऱ्याकडे जाते.