मोरस खारट का लागते?

मैत्रिणींनो, कैरीच्या फोडींना मीठ लावलं की पाणी सुटतं ना? खाडीकाठच्या खारट चिखलात साध्या रोपाच्या मुळांचं तसंच होतं. पाणी आत यायच्या ऐवजी बाहेर जातं, रोप सुकतं. मग मोरस तिथे हिरवीगार कशी?

ती मीठ टाळत नाही, आत घेते. पानाच्या पेशीत पाण्याची पिशवी असते, तिच्यात ते कोंडून ठेवते. आत मीठ जास्त झालं की चिखलातलं पाणी मुळांवाटे ओढलं जातं. म्हणून तर तिची बारीक पानं अशी फुगीर, रसाळ. नातं मात्र आपल्या पालक-राजगिऱ्याशी, एकाच कुळातली!

हे समजलं की जुन्या बायकांची रीतही समजते: भाजी उकळून पाणी फेकायचं, वरून मीठ घालायचं नाही. चणाडाळ घाला नाहीतर सुकट, पण चाखल्याशिवाय मिठाला हात लावू नका. घरात कुणाला बीपी असेल तर त्यांना बेतानेच वाढा.

आता विक्रीचं. गटाने मोरस बाजारात न्यायची ठरवली तर कोवळे शेंडेच खुडा. मुळासकट उपटली तर बी कुठून पडणार? खाडीत भराव पडून जागा आधीच कमी होतेय. आणि कारखान्याचं, गटाराचं पाणी येतं तिथली मोरस कितीही तरारलेली दिसली तरी घेऊ नका. मुळं मिठाबरोबर शिशासारखे धातूही ओढतात, आणि ते नुसतं धुऊन जात नाहीत.