अ‍ॅरेची लांबी कोण सांभाळतं?

चि. भाचीस अनेक आशीर्वाद,

अ‍ॅरे शून्यापासून मोजायचा की एकापासून, हा वाद तू फार मनावर घेऊ नकोस. सी, जावा, पायथन शून्यापासून मोजतात. फोर्ट्रान, आर आणि ज्युलिया सहसा एकापासून. एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी १९८२ साली शून्याची बाजू मांडली, ती मला पटते: सुरुवातीची सीमा धरायची, शेवटची सोडायची, म्हणजे दोन्हींची वजाबाकी हीच लांबी होते, अधिक-उणे एकाची कसरत उरत नाही. बुधवार ते शनिवार किती दिवस, असं विचारलं की कुणी तीन म्हणतं, कुणी चार. लूपच्या अटीत ‘पेक्षा लहान’च्या जागी ‘लहान किंवा समान’ची खूण पडते ती याच गोंधळातून. पण त्यावर काही दिवसांत हात बसतो. मला बोलायचंय ते लांबीबद्दल.

अ‍ॅरेत मूल्यं असतात तशी त्याची लांबीही असते, आणि ती कोण सांभाळतं यावर चूक किती महागात पडणार हे ठरतं. सीमध्ये अ‍ॅरे फंक्शनकडे पाठवला की पोचतो तो फक्त त्याचा पत्ता. आत ‘साइझऑफ’ विचारलंस तर ६४-बिट यंत्रावर उत्तर साधारणपणे ८ येतं, कारण ते पत्त्याचं माप असतं. लांबी राहते लिहिणाऱ्याच्या डोक्यात. आता दहा घटकांच्या अ‍ॅरेत अकरावा मागून बघ. जावा आणि पायथन तिथेच थांबून चूक सांगतात. जावास्क्रिप्ट ‘अनडिफाइन्ड’ हातात ठेवून पुढे चालू लागते. सी शेजारच्या मेमरीत जे असेल ते उचलून देऊ शकते. चूक एकच, पण जिथे ती ओरडते तिथे तू पाच मिनिटांत सुटतेस. पायथनही नेहमी ओरडत नाही बरं का: ‘फाइंड’ला शब्द सापडला नाही की ते उणे एक देतं, आणि ते तसंच इंडेक्स म्हणून वापरलं की शेवटचं अक्षर निमूटपणे हाती येतं. उत्तर चुकीचं, पण तक्रार कसलीच नाही.

या गप्प चुकांची किंमत जगाने मोजली आहे. २०१४ साली उघड झालेल्या हार्टब्लीड या दोषात, समोरचा संगणक आपल्या संदेशाची जी लांबी सांगेल ती ओपनएसएसएल ही संदेश सांकेतिक करणारी लायब्ररी पडताळून न पाहताच मान्य करत होती. एकेका विनंतीत ६४ किलोबाइटपर्यंत परकी मेमरी बाहेर जाऊ शकत होती, आणि तिच्यात पासवर्डही असत. जुलै २०२४ मध्ये क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या प्रोग्रामने वीसच मूल्यं असताना एकविसावं वाचायला हात घातला. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रं कोलमडली, आणि आपल्याकडच्या विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहावे लागले.

तू म्हणशील, प्रत्येक वेळी सीमा तपासली तर प्रोग्राम मंदावेल. हा आक्षेप जुना आहे. १९६० च्या दशकात, आजच्या मानाने अगदीच कासवगतीच्या यंत्रांवर, टोनी होअर यांच्या अल्गॉल कंपायलरमध्ये प्रत्येक इंडेक्स तपासला जाई. तपासणी बंद करण्याची सोय हवी का, असं ग्राहकांना विचारलं तेव्हा त्यांनी एकमुखाने नको म्हटलं. होअर यांनी हे १९८० च्या ट्युरिंग व्याख्यानात सांगितलं आहे. आजचे कंपायलर अनावश्यक तपासण्या बऱ्याचदा स्वतःच काढून टाकतात. एखादा अगदी आतला लूप खरोखर अडतोय असं मोजून दिसलं, तर तिथे काढ. आधीपासूनच काढून बसू नकोस.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: हल्ली इंडेक्स लिहितं कोण, लायब्ररी सगळं करते. बऱ्याच अंशी खरं आहे, आणि तयार फंक्शन असेल तर तू तेच वापरावंस. पण त्याने काय गृहीत धरलंय ते वाचूनच. जावास्क्रिप्टचं ‘सॉर्ट’ काही न सांगितल्यास आकडे शब्दांसारखे लावतं: १०, ९, १ चे १, १०, ९ होतात. पायथनमध्ये एक ओळ तिनाने गुणून तक्ता केलास तर तिन्ही ओळी एकच असतात. एकीत बदल केला की तिन्हीत दिसतो. आणि लायब्ररीही माणसंच लिहितात. जावाच्या बायनरी सर्चमध्ये मधली जागा काढताना दोन इंडेक्सांची बेरीज पूर्णांकाच्या मर्यादेबाहेर जाऊन ऋण होई. सुमारे १०७ कोटी घटकांचा अ‍ॅरे असल्याशिवाय ते दिसत नसे, म्हणून दोष जवळपास नऊ वर्षं टिकला; २००६ साली जोशुआ ब्लॉक यांनी तो जाहीर केला. तो सापडला कसा, हे मला फार मोलाचं वाटतं: जावा सीमा तपासते, त्यामुळे ऋण इंडेक्स येताच प्रोग्राम थांबला. त्याच पद्धतीने सीमध्ये लिहिलेला शोध कुठे भरकटला असता, सांगता येत नाही.

सीमध्ये लिहिताना पत्त्यासोबत लांबी नेहमी पाठव, आणि बाहेरून आलेली लांबी स्वतः ताडून घे. आत्ता सरासरी काढणारं जे फंक्शन लिहिते आहेस, ते आधी रिकाम्या अ‍ॅरेवर चालव, मग एकाच घटकाच्या अ‍ॅरेवर. रिकाम्यावर काय उत्तर यावं हे तूच ठरव, आणि का ठरवलंस ते मला कळव.

तुझा,
मामा