शेणखताच्या पाण्याचा रंग जातो कुठे?

प्रश्न : शेणखत भिजवलेलं तपकिरी पाणी मी लाल मातीच्या कुंडीत ओततो. खालून मात्र पाणी बरंच फिकं येतं. माती गाळणीचं काम करते का? – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : चहा गाळताना पाहा. चोथा गाळणीत राहतो, रंग मात्र कपात उतरतोच, कारण तो विरघळलेला असतो. तुमच्या पाण्यातला चोथा माती गाळते हे खरं. पण रंग आहे विरघळलेल्या सेंद्रिय कर्बाचा. प्रयोगशाळेत सहसा ०.४५ मायक्रॉनच्या छिद्रांतून जो पार होतो, त्याला हे नाव देतात. आपला केस त्याच्या शंभरपटीहून जाड असतो! इतकी बारीक वस्तू कुंडीतली माती गाळून अडवू शकत नाही.

मग तो अडतो कसा? चिकटून. कोकणातल्या मातीचा लाल रंग लोहाच्या ऑक्साइडांचा. त्यांचे कण अतिसूक्ष्म, म्हणून चिकटायला पृष्ठभाग भरपूर. सेंद्रिय आम्लांचे रेणू तिथल्या लोहाशी थेट बंध जोडतात. गडद रंगाचे मोठे रेणू आधी अडकतात. काही लहान, बिनरंगी रेणू निसटतात. त्यामुळे खालचं पाणी फिकं दिसलं, तरी त्यात कर्ब उरतोच.

देशावरच्या काळ्या मातीत वेगळी युक्ती चालते. तिथले चिकणमातीचे कण आणि हे रेणू, दोन्ही बहुतांशी ऋणभारित. एकमेकांना दूर ढकलणारे. त्यांच्यात धनभारित कॅल्शियम मध्यस्थी करतो. मात्र माती काळी म्हणजे कर्बाने भरलेली, असं समजू नका. काळ्या जमिनीतही तो अनेकदा एक टक्क्याहून कमी असतो.

वाळूत असे चिकटायचे कण फार थोडे. म्हणून ब्राझीलमधल्या पांढऱ्या वाळूच्या प्रदेशांतून येणारं पाणी कोऱ्या चहासारखं असतं. ते जिला मिळतं, त्या नदीचं नावच रिओ नेग्रो, म्हणजे ‘काळी नदी’.

मातीची ही साठवण कायमची नाही. जागा भरल्या की रंग खाली उतरतो. पाणी फार दिवस साचलं, तर हवेअभावी लोहाचे ऑक्साइड विरघळतात आणि धरलेला कर्ब सुटतो. तेव्हा कुंडीचं भोक मोकळं ठेवा. आणि खात्री करायची असेल, तर शेजारच्या कुंडीत धुतलेली वाळू भरून तेच पाणी ओता. उत्तर खालच्या ताटलीत दिसेल.