वडशाहून गोरेगावला

गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या मुलखातली झाडीपट्टी रंगभूमी दिवाळीनंतर भरणाऱ्या मंडईच्या जत्रांपासून होळीच्या सुमारापर्यंत रात्र-रात्र जागते. मी तिथलाच नट. आता मुंबईत, गोरेगावला मालिका करतो, अधूनमधून सिनेमाही. मधल्या वाटेवर जे उमगलं ते थोडंसं सांगतो.

१. आवाज खाली आणता येतो, अंगाला आवरणं कठीण. धानाच्या बांधीत मंच उभारलेला, समोर हजारो माणसं जमिनीवर बसलेली. पार मागे शेकोटीशी बसलेल्या आजीपर्यंत राग पोचवायचा तर खांदे, मान, हात सगळेच कामाला लागतात. पहिल्याच क्लोजअपला दिग्दर्शक हळूच म्हणाले, "दादा, शेजारच्या गावाला नका सांगू." भुवया आवरल्या, तर नाकपुड्या बोलू लागल्या.

२. माझा कान अर्धाच तयार होता. सगळे सांगायचे, "कमी करा." करत करत मी पार ठोकळा झालो, तरी काहीतरी खोटं दिसायचंच. त्याचं मूळ झाडीपट्टीत होतं. आमच्याकडे तालमी थोड्या. विंगेत प्रॉम्प्टर असतो आणि नटाचा एक कान कायम त्याच्याकडे. त्यातून एक कसब येतं : समोरच्याशी बोलता-बोलता पुढचं वाक्य उचलायचं. पण समोरचा काय बोलतोय, ते त्या गडबडीत ऐकायचं राहून जातं. मंचावर हे खपतं. कॅमेरा मात्र आपण गप्प असतानाच जास्त रोखून बघतो. विंगेकडे लागलेला तो कान सहनटाकडे वळवणं हेच माझं इथलं खरं शिक्षण. गंमत अशी, की नेमकं तेव्हा सहनट दुसऱ्या शूटिंगला गेलेला असतो आणि क्लोजअपमध्ये आपण एका स्टँडकडे पाहून गहिवरायचं असतं.

३. रडण्याला वेळकाळ असतो. रात्रभराच्या नाटकात शेवटच्या अंकापर्यंत पहाट व्हायची, अंग थकलेलं, प्रेक्षक हळवे झालेले. रडू आपसूक यायचं. सेटवर तेच सकाळी नऊला, पोहे खाऊन. वर कंटिन्युइटीवाला विचारणार, मघाशी पाणी कोणत्या डोळ्यातून आलं होतं?

४. विदर्भाचा नट म्हटला की 'जरा वऱ्हाडी टाका' ठरलेलंच. माझी बोली झाडी आहे, वऱ्हाडी पश्चिमेकडची, हे समजावणं मी सोडून दिलं. वॉचमन, ड्रायव्हर, विनोदी मामा : त्यावरच घर चाललं, म्हणून तक्रार तरी कोणत्या तोंडानं करू? लोकनाट्यातून आलेल्या निळूभाऊ फुल्यांना १९६८च्या 'एक गाव बारा भानगडी'नंतर खलनायकी जन्माची चिकटली. तरी त्यांचे गावपुढारी एकमेकांसारखे वाटत नाहीत. साचा मिळणं आपल्या हातात नसतं. त्यात काय भरायचं, ते थोडंफार असतं.

५. पैशांचं एका ओळीत उरकतो. नाटकात 'नाइट' झाली की सकाळी हिशेब; मालिकेत नव्वद दिवसांनी, आणि तेही आले तर.

६. मुंबई म्हणजे बढती, हे गणित माझ्याच डोक्यात होतं. २०२३ साली डॉ. परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, ती झाडीपट्टी रंगभूमीवरच्या कामासाठीच. एका हंगामात मला पाहुणा कलाकार म्हणून गावाकडे बोलावलं. पोस्टरवर माझा फोटो सगळ्यांत मोठा, 'टीव्ही स्टार' वगैरे. ज्यांनी मला मंचावर उभं राहायला शिकवलं, ती माणसं खाली, बारीक अक्षरांत. लाज वाटली आणि, खरं सांगायचं तर, थोडं बरंही वाटलं. मग प्रवेश सुरू झाला. मी कॅमेऱ्याच्या सवयीनं बारीक, आतल्या आत केलं. मागून आरोळी आली, "आवाज!" त्या 'बारीक अक्षरांतल्या' माणसांपैकी एका बाईंनी पुढचं वाक्य असं ठणकावून टाकलं, की मला मुकाट्यानं त्यांच्या पट्टीत यावं लागलं.

ही नाटकं तुम्ही पाहिली नसतील, तर एकदा हंगामात याच. वडशाला रेल्वे स्टेशन आहे आणि बहुतेक नाटक कंपन्यांची ऑफिसं त्याच गावात. थंडी बोचरी असते, जाड चादर आणा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कुठे पोचायचं कबूल करू नका.